साधी गाठ, अरुंद वाट



आजाऱ्यांच्या भेटीस घरोघर जाताना पाठदुखीचे गाऱ्हाणे माझ्या कानी नेहमी येते. उसण भरली, ओझे उचलले, असे कारण सांगितले जाते आणि बहुधा ते खरेही असते. परंतु क्वचित ह्या दुखण्याचे मूळ कण्यातील एखाद्या गाठीत असते. त्याविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

सन १८८४ मध्ये इंग्लंडातील एका लष्करी कप्तानाच्या पाठीत कळा येऊ लागल्या. त्याने अनेक डॉक्टरांचे उंबरठे झिजविले, परंतु निदान होईना. तीन वर्षांत त्याचे पाय लुळे पडले. १८८७ साली लंडनचे डॉ. विल्यम गॉवर्स ह्यांनी त्यास तपासले. त्या वेळी क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता. कळ कोठे उठते, त्वचेची संवेदना कोणत्या रेषेखाली नाहीशी झाली आहे, एवढ्यावरून मज्जारज्जू कोठे दाबला गेला असावा हे त्यांनी ठरविले. ९ जून रोजी डॉ. व्हिक्टर हॉर्स्ली ह्यांनी शस्त्रक्रिया केली. प्रथम काहीच सापडेना. तेव्हा आणखी थोडे वरचे हाड काढले आणि बदामाच्या आकाराची गाठ दिसली. ती काढल्यावर तो कप्तान पुन्हा चालू लागला व आपल्या कामावर परतला.

ती गाठ कर्करोगाची नव्हती. अशा साध्या गाठी शरीरात इतरत्र पसरत नाहीत. तथापि मज्जारज्जूची वाट सर्व बाजूंनी हाडांनी वेढलेली व अरुंद असते. तेथे लहानशी गाठही हळूहळू वाढून पायांचे बळ हिरावून घेऊ शकते. गाठ साधी म्हणून धोका नाही, असे समजणे चुकीचे होय.

आणखी एक गाठ हाडातच होते. डॉ. हेन्री जाफे ह्यांनी १९३५ मध्ये तिचे स्वतंत्र वर्णन केले. ती बहुधा मुलांत व तरुणांत आढळते. दुखणे रात्री वाढते आणि ॲस्पिरिनने उतरते. कधी मुलाचा कणा एका बाजूस वाकतो. गोळीने आराम पडतो म्हणून घरचे निर्धास्त राहतात, हीच खरी फसगत होय.

आज एम.आर.आय. व सी.टी. ह्या तपासण्यांनी गाठीची नेमकी जागा कळते. सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करता येते, आणि हाडातील काही लहान गाठी सुईवाटे उष्णता देऊन नष्ट करता येतात. गाठीचा प्रकार निश्चित करण्यासाठी तिचा अंश प्रयोगशाळेत तपासला जातो. परंतु फार काळ चिरडलेला मज्जारज्जू पूर्ववत होईलच, अशी खात्री कोणताही शल्यविशारद देऊ शकत नाही.

म्हणून आईबापांना माझी कळकळीची विनंती आहे. रात्री झोपेतून उठविणारी पाठदुखी, मुलाचा दुखरा वाकलेला कणा, पायांतील मुंग्या, चालताना जाणारा तोल ह्यांपैकी काहीही दिसल्यास तेल चोळीत व कणा दाबून घेत महिने दवडू नका, डॉक्टरांकडे जा. पाय लुळे पडू लागले किंवा मलमूत्रावरील ताबा सुटला, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. खर्चाची चिंता खरी आहे, हे मी जाणतो. परंतु गेलेले पाय पैशाने परत मिळत नाहीत.