फीत शाबूत, दुभाषा गैरहजर

येथील एका मराठी ग्रंथालयाने आपली जुनी इतिवृत्ते संगणकात उतरवून त्यांची राखीव प्रत चुंबकीय फितीवर ठेविली होती. पुढे मूळ संगणक निकामी झाला, नवा सर्व्हर आला, आणि तो फीतयंत्राला ओळखीना. 'फीत सडली, टाकून द्या,' असे कार्यकारिणीत ठरू लागले. ही घाई फार महागात पडते.

सर्व्हर आणि फीतयंत्र यांच्यामध्ये 'ड्रायव्हर' नावाची आज्ञावली दुभाष्याचे काम करते. कानडी कचेरीत मराठी अर्ज घेऊन उभे राहणाऱ्या आपल्या सीमावासीयांना दुभाष्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको! ३२ बिटांच्या विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाही. नवा ड्रायव्हर फीतयंत्राला लागतो, तसाच ते ज्या स्कझी कार्डाला जोडलेले असते त्यालाही. आणि हे दुसरे नेमके विसरले जाते. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये यंत्राच्या नावावर पिवळे उद्गारचिन्ह दिसले तर बहुधा ड्रायव्हरचा दोष. कार्ड दिसून यंत्राचे नावच नसेल तर आधी केबल आणि टर्मिनेटर तपासावा.

आणखी एक फसगत आहे. विंडोज सर्व्हर २००३ मधील 'एनटीबॅकअप' फितीवर लिहीत असे. २००८ च्या आवृत्तीपासून अंगभूत बॅकअपने फितीशी नातेच तोडले. तेथे ड्रायव्हर कितीही बदलले तरी व्यर्थ. अशा वेळी २००३ चा एखादा जुना संगणक, इंटरनेटपासून तोडून, कामी घ्यावा. मात्र फीत आत सारण्यापूर्वी तिच्या कडेची लेखनबंदीची खिट्टी सरकविलेली आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.