पाणथळीचे पाहुणे

ज्या जमिनीत नांगर चालत नाही आणि ज्या पाण्यात होडी नीट तरंगत नाही, ती जागा माणसाच्या व्यवहारी हिशेबात निरुपयोगी ठरते. पाणथळीचे असेच झाले आहे. गुडघाभर पाणी, तळाशी गाळ, काठाला लव्हाळे आणि डासांची गुणगुण, एवढेच वरवर पाहणाऱ्याला तेथे दिसते. मग कोणी तेथे राडारोडा आणून टाकतो, कोणी भराव घालून इमारती उभारतो. आणि पडीक जागा सत्कारणी लागली, असे समाधान मानले जाते. हे समाधान कितपत खरे आहे?

पाणथळ ही निरुपयोगी जागा नव्हे. पावसाळ्यात नदीला पूर आला म्हणजे वाढलेले पाणी ती आपल्या पोटात सामावून घेते, आणि पुढे ते सावकाश सोडते. तिच्या संथ पाण्यात गाळ खाली बसतो आणि पाणी निवळते. तिच्या गवताच्या आडोशाला माशांची पिले वाढतात. तिचे हे मोल ओळखून २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर या गावी पाणथळींच्या रक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय करार करण्यात आला. त्या करारानुसार जगातील महत्त्वाच्या पाणथळींची एक यादी ठेवली जाते. महाराष्ट्रातून त्या यादीत पहिले नाव गेले ते नाशिक जिल्ह्यातील नांदूरमध्यमेश्वरचे, २०२० साली. त्यानंतर लोणार सरोवर आणि ठाण्याची खाडी यांनाही तो मान मिळाला.

नांदूरमध्यमेश्वरची कथा बोधप्रद आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या आरंभी एक दगडी बंधारा बांधला गेला. हेतू एवढाच, की कालव्यांतून शेतीला पाणी मिळावे. परंतु बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, लहान लहान बेटे वर आली आणि त्यांवर गवत माजले. स्थापत्यशास्त्राच्या दृष्टीने जो दोष, तोच पक्ष्यांच्या दृष्टीने गुण ठरला. शेकडो पक्षी तेथे उतरू लागले, आणि पुढे १९८६ साली तो परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला.

उथळ पाण्यात पक्ष्यांना एवढे काय लाभते, हे केवळ पुस्तक वाचून नीटसे उमगत नाही. त्यासाठी हिवाळ्यातील एखाद्या सकाळी काठाने पायी हिंडावे लागते. लांब, तांबूस पायांचा शेकाट्या पाण्यात जेथवर पाय पोचतील तेथवरच चालतो. चमचा पक्षी आपली चपटी चोच पाण्यात डावीउजवीकडे फिरवून भक्ष्य टिपतो. थापट्या बदक पाण्याच्या पृष्ठभागावरील बारीकसारीक अन्न गाळून घेते. कमळपक्षी आपल्या लांबलचक बोटांच्या आधारे तरंगत्या पानांवरून चालत जातो. काळ्या देहावर कपाळी पांढरा टिळा मिरविणारे वारकरी दिंडी निघावी तसे मेळ्याने पोहत असतात. एकाच पाण्यातून प्रत्येकजण आपापल्या पायांच्या व चोचीच्या मापाने आपला घास घेतो. ते पाणी फार खोल केले तर शेकाट्याला ठाव सापडणार नाही, आणि बुजवून टाकले तर कोणालाच काही मिळणार नाही. हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, तो पाणथळीला पुन्हा पडीक म्हणणार नाही.

यावर कोणी म्हणेल, की पक्ष्यांचे एवढे हित पाहावयाचे असेल तर माणसाने तेथे जाऊच नये. अभयारण्याला कुंपण घालावे आणि दार लावून घ्यावे. हा विचार अगदीच निराधार नाही. सुटीच्या दिवशी गाड्या भरभरून येणारी गर्दी, मोठमोठ्याने वाजणारी गाणी, खाद्यपदार्थांची रिकामी पाकिटे आणि पक्षी उडावेत म्हणून मारलेले दगड यांनी पाणथळीचे नुकसानच होते. हिमालयापलीकडच्या प्रदेशांतून जे पक्षी हिवाळ्यापुरते येतात, त्यांना परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवावी लागते. त्यांना एकदा उगाच उडविले, तर तेवढी शक्ती वाया जाते आणि तेवढा चरण्याचा वेळही जातो. दिवसातून दहा वेळा असे झाले, तर पाहणाऱ्यांच्या क्षणभराच्या मौजेची किंमत त्या पक्ष्याला पुढे वाटेत मोजावी लागते.

तरीही दार लावून घेणे हा उपाय नव्हे. ज्या जागेशी कोणाची ओळख नाही, तिच्यावर भराव पडू लागला तर हाक कोण मारणार? राजस्थानातील भरतपूरचे उदाहरण या ठिकाणी आठवते. नांदूरमध्यमेश्वरला 'महाराष्ट्राचे भरतपूर' म्हणतात, ते याच प्रसिद्ध पाणथळीवरून. ती पाणथळही मानवी हातांनी बांधलेल्या बंधाऱ्यामुळे जोपासली गेली. तेथे एके काळी संस्थानाचे पाहुणे केवळ शिकारीसाठी येत. १९३८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या एका शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. पुढे काळ पालटला. बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली, आणि आज ते राष्ट्रीय उद्यान आहे. माणसे पूर्वीही तेथे जात होती आणि आजही जातात. पालटली ती त्यांची दृष्टी.

हाच पालट एका माणसाच्या चरित्रातही दिसतो. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक रानचिमणी पाडली. तिच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका पाहून त्यांना कुतूहल वाटले, आणि ती ओळखून घेण्यासाठी ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथे पेंढा भरून ठेवलेले नाना पक्षी त्यांना दाखविण्यात आले. त्या दिवसापासून लागलेला छंद त्यांनी जन्मभर जोपासला, आणि भरतपूरच्या पक्ष्यांच्या रक्षणासाठीही ते झटले. मुलाच्या कुतूहलाला वेळीच योग्य वाट मिळाली, तर त्यातून केवढे कार्य उभे राहते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

म्हणून मुलांनी पाणथळीवर अवश्य जावे. पण पाहुण्याच्या मर्यादेने जावे. पक्षी हे पाणथळीचे पाहुणे, आणि माणूस तर त्या पाहुण्यांकडे गेलेला पाहुणा. चांगला पाहुणा यजमानाच्या स्वयंपाकघरात शिरत नाही, झोपलेल्या मुलाला उठवीत नाही आणि जाताना अंगणात कचरा टाकीत नाही. त्याचप्रमाणे ठरलेली पायवाट सोडू नये, भडक रंगाचे कपडे घालू नयेत, बोलणे हळू आवाजात करावे. घरट्याजवळ तर मुळीच जाऊ नये. कारण भ्यालेली मादी उडून गेली, तर अंडी उन्हात उघडी पडतात आणि कावळ्यांच्या दृष्टीस येतात. छायाचित्र हवे म्हणून पुढे पुढे सरकणे, हेही एक प्रकारचे उडविणेच आहे. पक्ष्याने मान उंचावून चरणे थांबविले, की आता अधिक जवळ जाऊ नये, अशी ती खूण समजावी.

पायी हिंडण्याचा आग्रह याचसाठी आहे. जो वाहनातून जातो, तो किती पक्षी पाहिले याची गणती करतो. जो पायी जातो, त्याला एकच पक्षी अर्धा तास पाहण्याची सवड असते. सोबत एक वही असावी. पक्षी ओळखू आला नाही, तरी त्याचा आकार, चोच, पायांचा रंग आणि तो काय करीत होता, हे टिपून ठेवावे. नाव पुढे केव्हाही कळेल; नीट पाहण्याची सवय मात्र लहानपणीच लागते. काठावरच्या गावातील कोळ्यांशी आणि शेतकऱ्यांशी बोलावे. त्यांचा पाण्याशी रोजचा संबंध असतो; कोणता पक्षी केव्हा येतो, हे त्यांच्याकडून पुष्कळदा कळते.

यासाठी नांदूरमध्यमेश्वरलाच गेले पाहिजे असे नाही. गावतळे, पाझर तलाव, खाडीचा काठ, नदीचा डोह यांपैकी काही ना काही बहुतेक गावांजवळ असते. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. पाच तारखेला अरण्याचे लेखक मारुती चितमपल्ली यांचा आणि बारा तारखेला सालिम अलींचा जन्मदिवस येतो. त्या आठवड्यात एखाद्या वर्गाने जवळच्या तळ्यावरील पक्ष्यांची नोंद केली, आणि तीच नोंद पुढच्या वर्गांनी वर्षानुवर्षे चालविली, तर त्या तळ्याचा इतिहासच शाळेत जमा होईल. उद्या कोणी ते तळे निरुपयोगी म्हणून बुजवू लागला, तर तेथे कोण राहते आणि कोण कोठून येते, हे सांगणारी वही मुलांच्या हाती असेल.