पाठमोरा महाराष्ट्र

महाराष्ट्राच्या सद्यःस्थितीवर एका विद्वान् गृहस्थांचें व्याख्यान ऐकण्याचा योग नुकताच आला. वक्ते अभ्यासू, भाषा स्वच्छ, आंकडे तोंडपाठ. उसाचे कारखाने, विदर्भांतील कापूस, मराठवाड्यांतील अवर्षण, पुण्याभोंवतालचा यंत्रोद्योग या सर्वांचा परामर्ष त्यांनीं तासभर घेतला. समुद्राच्या वांट्यास एकच वाक्य आलें, आणि त्या वाक्यांत मुंबई होती. कोंकणाचा उल्लेख अगदीं शेवटीं झाला, तो असा कीं, निसर्गानें त्या प्रांतास सौंदर्य दिलें परंतु संपत्ति दिली नाहीं, आणि म्हणून तेथील माणसें बाहेर पडलीं. सभेनें टाळ्या वाजविल्या. मींहि वाजविल्या, सभेंत बसलेल्या माणसाचे हात त्याच्या ताब्यांत नसतात. परंतु घरीं परततांना त्या वाक्याचा मला जो संताप आला तो अद्याप शमलेला नाहीं, आणि त्याचीं कारणें वाचकांपुढें मांडणें मला प्राप्त आहे.

वक्त्यांना एकट्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. हा निवाडा आमच्या भाषेनेंच केव्हांचा करून ठेवला आहे. सह्याद्रीच्या वरच्या अंगाच्या मुलखास आम्ही ‘देश’ म्हणतों. वर असेल तो देश आणि खालीं असेल तें कोंकण! माणूस कोंकणांत ‘उतरतो’ व देशावर ‘चढतो’. १ मे १९६० रोजीं जें राज्य जन्मास आलें त्याचें क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. त्याच्या किनाऱ्याची लांबी जुन्या मोजणीप्रमाणें ७२० किलोमीटर, आणि अलीकडील बारीक मोजणींत ती पावणेनऊशेंच्याहि वर भरली. एवढा किनारा ज्याला लाभला आहे तें राज्य समुद्रकांठचें राज्य होय, हें शाळेंतील मूलहि सांगेल. मोठीं झालेलीं माणसें मात्र तें विसरतात. महाराष्ट्र समुद्राला लागून आहे, पण तो समुद्राकडे पाठ करून बसलेला आहे, हेंच माझें म्हणणें आहे.

यावर पहिलें उत्तर ठरलेलें असतें. सह्याद्रीची भिंत परमेश्वरानेंच उभी केली. तिच्या पायथ्याशीं पन्नास-ऐशीं किलोमीटर रुंदीची चिंचोळी पट्टी, तीहि खाचखळग्यांची. भातापलीकडे तेथें काय पिकणार, आणि पिकलें तर वर कसें न्यावें? हा युक्तिवाद इतका प्रतिष्ठित झाला आहे कीं, तो तपासून पाहण्याची कोणास गरजच वाटत नाहीं. परंतु सातवाहनांच्या काळीं ही भिंत कांहीं कमी उंच नव्हती. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवृत्तांत सोपारा, कल्याण आणि चौल हीं तिन्ही बंदरें नांवानिशीं आलेलीं आहेत. कान्हेरीच्या लेण्यांस देणग्या देणाऱ्यांत सोपाऱ्याचे व कल्याणचे रहिवासी आहेत, आणि तीं नांवें खडकावर आजहि वाचतां येतात. नाणेघाट चढून जुन्नरास जाणारी वाट व्यापाऱ्यांच्या पायांनीं झिजलेली आहे. तिच्या माथ्यावर सातवाहन राणीचा लेख आहे, आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजणहि आहे. इ. स. १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं सोपाऱ्याचा स्तूप उकरला, आणि त्याच सुमारास त्यांस अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडाहि तेथें मिळाला. मगधाच्या सम्राटानें आपल्या आज्ञा एखाद्या ओसाड खाडीच्या कांठीं कोरविल्या नसत्या. घाट ही त्या काळीं भिंत नव्हती. त्या भिंतींतील दारें होतीं, आणि दारावर जकात घेण्याइतकी वर्दळ होती.

खाड्या गाळानें भरल्या, जहाजें मोठीं झालीं, हें मला मान्य आहे. राजापुरासारखें बंदर, जेथें इंग्रजांनीं वखार घातली व जी महाराजांनीं १६६१ सालीं लुटली, तें आज खाडीच्या टोंकाशीं उथळ पाण्यांत पडलेलें आहे. गाळ ही निसर्गाची करणी खरी. परंतु कोणता गाळ उपसावयाचा आणि कोणता तसाच राहूं द्यावयाचा, हें निसर्ग ठरवीत नाहीं.

आतां इतिहासाकडे वळूं, कारण आमच्या अभिमानाचें घर तेथें आहे. शिवाजीमहाराज सह्याद्रीच्या डोंगरांत वाढले. परंतु १६५७ मध्यें कल्याण-भिवंडी हातीं येतांच अल्पावधींत त्यांनीं जहाजें बांधण्यास आरंभ केला, आणि १६६४ च्या अखेरीस मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. १६७९ सालीं मुंबईच्या तोंडाशीं असलेल्या खांदेरीवर किल्ला बांधूं लागले तेव्हां इंग्रजांनीं तो न होऊं देण्याचा आटोकाट प्रयत्न केला, आणि तो फसला. रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत आरमाराचा विचार राज्याचें स्वतंत्र अंग म्हणून केला आहे. कान्होजी आंग्रे १७२९ मध्यें वारले, तोंपर्यंत या किनाऱ्यावर इंग्रज, पोर्तुगीज व सिद्दी यांपैकीं कोणासहि निर्धास्त झोंप नव्हती.

आणि नंतर काय झालें? १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई घेतली, तिचे पोवाडे आम्ही गातों, आणि गावेच. पण वसईनंतर अवघ्या सतरा वर्षांनीं घडलेल्या गोष्टीचा पोवाडा कोणी रचला नाहीं. १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गाच्या खाडींत आंग्र्यांचें आरमार जळून खाक झालें. समुद्रावरून तोफा डागणारा वॉटसन इंग्रज, त्याच्या बरोबर सैन्य घेऊन आलेला क्लाइव्ह इंग्रज, आणि जमिनीच्या बाजूनें वेढा घालून बसलेलें सैन्य पेशव्यांचें! मराठी राज्याच्या प्रधानानें मराठी राज्याचें आरमार परक्यांच्या हातून जाळविलें. तुळाजी आंग्रे उद्दाम होता, तो पेशव्यांस जुमानीत नव्हता, किनाऱ्यावरील रयतेसहि त्याचा जाच होता, हें सर्व खरें आहे. उद्दाम सरदार देशावर काय थोडे होते? त्यांना वठणीवर आणण्यासाठीं त्यांचें घोडदळ इंग्रजांकरवीं कापून काढावें, असें नानासाहेबांस कधीं सुचलें नाहीं. घोडा हा राज्याचा, जहाज हें आंग्र्यांचें. भेद जो होता तो इतकाच. बक्षिसादाखल इंग्रजांनीं विजयदुर्ग कांहीं महिने स्वतःकडेच ठेवला व बाणकोट पदरांत पाडून घेऊन मगच सोडला. पुढें १७७४ मध्यें साष्टीहि गेली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती कायमची गेली. पानिपताचें दुःख आम्ही अडीचशेंहून अधिक वर्षें करीत आलों आहों. विजयदुर्गाचें दुःख करावयाचें असतें हेंच पुष्कळांस माहीत नाहीं.

इंग्रज समुद्रावरून आलेला, त्यानें किनाऱ्याचें मोल जाणलें. परंतु त्यानें तें एकाच बेटावर आणून सांठविलें. १६६१ मध्यें आंदण मिळालेली आणि १६६८ मध्यें सालीना दहा पौंडांच्या खंडानें कंपनीकडे आलेली मुंबई वाढावी म्हणून जें करावयाचें तें त्यानें केलें. १८५३ सालीं ठाण्यापर्यंत आगगाडी धांवली, १८६३ मध्यें ती बोरघाट चढली, १८६५ मध्यें थळघाट. दोन्ही वाटा मुंबईसच मिळतात. अमेरिकेंतील यादवीच्या काळीं कापसानें मुंबईवर सोन्याचा पाऊस पाडला, १८६९ सालीं सुएझचा कालवा उघडला, आणि चौल, दाभोळ, विजयदुर्ग, मालवण हीं नांवें गॅझेटियरांतील टिपणांपुरतीं उरलीं. परकी राज्यकर्त्यांनें आपली सोय पाहिली, त्याबद्दल त्याच्याशीं भांडण करण्याची मला इच्छा नाहीं. माझें भांडण त्यानंतरच्या आपल्या माणसांशीं आहे. माथेरानच्या खेळण्यांतल्यासारख्या गाडीची गोष्ट सोडली, तर १८६५ नंतर महाराष्ट्राच्या हद्दींत कोंकणांतून सह्याद्रि चढून जाणारा तिसरा लोहमार्ग झालेला नाहीं. वैभववाडीहून कोल्हापुरास आणि चिपळुणाहून कऱ्हाडास गाडी जाणार, हें ऐकतां ऐकतां माणसें म्हातारीं झालीं. कोंकण रेल्वेचा सबंध मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजीं खुला झाला तें महत्कृत्य आहे यांत शंका नाहीं. परंतु तीहि डोंगराच्या पोटांतून जाते, बंदरांना बगल देऊन. तिनें माणसें मुंबईस नेण्याची सोय झाली. जी वाट आधींच मळलेली होती तीच अधिक गुळगुळीत झाली.

ती वाट पूर्वीं पाण्यावरून जात असे. किनाऱ्यावरील बंदराबंदरांतून माणसांना उचलणाऱ्या आगबोटी, मचव्यांतून बोटीवर चढणारीं बायकापोरें, भाऊच्या धक्क्यावर उतरणाऱ्या वळकट्या व फणसांचीं ओझीं हें चित्र जुन्या कोंकणी घरांत अजून जिवंत आहे. १७ जुलै १९४७ रोजीं रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. स्वातंत्र्याच्या गडबडींत त्यांच्यासाठीं कोणाला फारसें रडतांहि आलें नाहीं. पुढें किनाऱ्यानें गोव्यापर्यंत जाणारी ती बोटीची वाहतूकहि बंद पडली. ज्या किनाऱ्यावर दोन हजार वर्षें गलबतें चाललीं, तेथील उतारूस आज समुद्र हा दुरून पाहण्याचा देखावा झाला आहे. मुंबई-गोवा रस्त्याचें रुंदीकरण दशकाहून अधिक काळ कसें रेंगाळलें, त्याविषयीं मी येथें लिहीत नाहीं. गणपतीला गांवीं जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला त्याचें पुराण मुखोद्गत आहे.

“माणसें बाहेर पडलीं,” असें वक्ते म्हणाले. बाहेर पडलीं नाहींत. तीं ओढून नेलीं गेलीं. मुंबईच्या गिरण्यांस हात हवे होते, आणि ते हात रत्नागिरीच्या वरकस जमिनीवर स्वस्त मिळत होते. गिरणींतील पगार मनीऑर्डरीनें गांवीं येई आणि त्यावर घरें शाकारलीं जात, श्राद्धें होत, पोरांची शाळा चाले. जानेवारी १९८२ मध्यें गिरण्यांचा संप सुरू झाला व अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले. त्यांतील पुष्कळांस परत आंत जाण्यास गिरणीच उरली नाहीं. मनीऑर्डर थांबली, तरी माणसांची रीघ थांबली नाहीं, कारण एव्हांना गांवांत थांबण्यासारखें कांहीं राहिलें नव्हतें. २००१ मध्यें रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्यें ती १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. दुष्काळ नाहीं, सांथ नाहीं, लढाई नाहीं, आणि माणसें घटलीं! त्याच गणतींत रत्नागिरींत दर हजार पुरुषांस १,१२२ स्त्रिया निघाल्या. हा आंकडा वाचून एका मासिकानें कोंकणांत मुलीचा मान मोठा असल्याचें अनुमान काढलेलें मीं पाहिलें आहे. मान असेल, पण या आंकड्याचा मुख्य अर्थ असा कीं, पुरुष घरीं नाहींत.

राज्य स्थापन झाल्यानंतर आम्हीं काय केलें, तें एका तुलनेंतच दिसेल. शेजारच्या गुजराथनें आपलें सागरी मंडळ १९८२ मध्यें स्थापिलें. तसेंच मंडळ स्थापण्यास महाराष्ट्रास १९९६ साल उजाडावें लागलें. त्या चौदा वर्षांत साखर कारखान्यांच्या परवान्यांवर आमच्या विधिमंडळाचे किती तास खर्ची पडले असतील, त्याचा हिशेब ज्यानें त्यानें मनाशीं करावा. २०२३ सालीं पापलेटास राज्यमाशाचा मान मिळाला, तें ठीकच झालें. २०२५ मध्यें मासेमारीस शेतीचा दर्जा देण्यांत आला. त्यानें कोळ्यांस विजेचे व कर्जाचे दर शेतकऱ्यासारखे मिळतील तर मी त्याचें स्वागतच करीन. पण शब्दांकडे पाहा! समुद्राला शेत म्हटल्याशिवाय आमच्या राज्यास तो दिसतच नाहीं.

मात्र देशावर जें नको असतें त्यासाठीं किनारा नेमका आठवतो. अणुशक्तीचें केंद्र तारापुरास, दुसरें योजिलें तें जैतापुरास. रसायनांचे कारखाने लोट्यास, त्यांचें पाणी दाभोळच्या खाडींत. दाभोळचीच वीज १९९३ च्या करारानें आली व २००१ मध्यें बंद पडून राज्याचें तोंड कडू करून गेली. तेलशुद्धीचा प्रचंड कारखाना आधीं नाणारास, तेथून हुसकल्यावर बारसूस, जेथील सड्यावर हजारों वर्षांपूर्वींचीं कातळशिल्पें आहेत. उलट कोयनेचें पाणी घ्या. वीज काढल्यावर वर्षाला सुमारें साडेसदुसष्ट अब्ज घनफूट पाणी पोफळीहून वाशिष्ठींत सोडलें जातें आणि चिपळुणावरून समुद्रास मिळतें. त्याच खोऱ्याच्या उतारांवरील वाड्या वैशाखांत टँकरची वाट पाहतात. वीज राज्याची, पाणी समुद्राचें, आणि पूर तेवढा चिपळुणाचा; जुलै २०२१ मधला तर कोणी विसरणें शक्य नाहीं.

“कोंकणी माणूस सर्वच गोष्टींना नाहीं म्हणतो,” हा दुसरा ठेवणींतला आक्षेप. यांत कांहीं तथ्य आहे, हें मी कोंकणी असूनहि कबूल करतों. भाऊबंदकीच्या दाव्यांत आम्हीं जमिनी पडीक ठेवल्या, आणि नंतर त्याच जमिनी दलालाला एका रात्रींत विकल्या. परंतु ‘नाहीं’ म्हणण्यापलीकडे आम्हांला दुसरें कांहीं म्हणण्याची संधि कोणी दिली? कागद मुंबईंत तयार होतो, मोजणीवाला पोलिसांसह येतो, आणि मग गांवकऱ्यांना विचारतात, “हो कीं नाहीं?” बोलणें तेथून सुरू झालें तर उत्तर तेंच येणार.

आतां वाढवणची गोष्ट समोर आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं त्या बंदराची कोनशिला बसली. खर्च सुमारें शहात्तर हजार कोटी रुपयांचा, आणि समुद्रांत भर घालून सुमारें १,४४८ हेक्टर जमीन करावयाची. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजुक म्हणून १९९१ मध्येंच घोषित झालेला आहे; जें बंदर तेथील प्राधिकरणानें १९९८ सालीं नाकारलें होतें तेंच २०२३ मध्यें त्यानें मान्य केलें. बंदरच नको, असें मी म्हणणार नाहीं. समुद्राकडे पाठ फिरविल्याची तक्रार करणाऱ्याच्या तोंडीं तें शोभणार नाहीं. मी एवढेंच विचारतों कीं, त्या बंदराच्या गोदींत क्रेन चालविणारा, त्याच्या कचेरींत बसणारा, जहाजांना वाट दाखविणारा माणूस धाकटी डहाणूचा, वरोरचा, चिंचणीचा असेल, यासाठीं आज तेथें कोणती शाळा उघडली आहे? ज्या पाण्यांत भर पडेल तेथें पिढ्यान्‌पिढ्या जाळें टाकणाऱ्याच्या हक्काचा कोणता सातबारा सरकारांत आहे? जमिनीचा उतारा असतो म्हणून जमीनवाल्यास मोबदला मिळतो. समुद्राचा उतारा कोणत्याच तलाठ्याकडे नाहीं, आणि तो असावा असें देशावरील कोणासहि आजवर वाटलेलें नाहीं.