सुटकेनंतर काय?

१९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीने दोन जीव घेतले. ती चालविल्याचा आरोप असलेल्या १७ वर्षांच्या मुलास ३०० शब्दांच्या निबंधासारख्या अटींवर जामीन मिळताच शहर खवळले. तो संताप रास्तच होता. परंतु शिरूर वा दौंडच्या एखाद्या मुलाच्या हातून खून घडला, तर चार दिवस हळहळ होते, मुलास येरवड्याच्या बाल न्याय मंडळापुढे नेतात, आणि विषय संपतो. तो गावी परततो त्याची वार्ता कोणी छापीत नाही.

१६ ते १८ वयाच्या मुलाचा निर्घृण अपराधाचा खटला प्रौढाप्रमाणे चालविण्याची वाट २०१५ च्या कायद्याने मोकळी केली. तथापि फाशी नाही. २१ वर्षांपर्यंत तुरुंगही नाही. पुढे तो सुधारला की नाही हे बालन्यायालयाने पाहावयाचे. ही तरतूद आम्हांस शहाणपणाची वाटते, आणि ती निव्वळ दयेपोटी नव्हे. मुलगा केव्हातरी सुटणार, आणि मृताची आई राहते त्याच आळीत येणार!

सुटकेनंतरच्या देखरेखीची योजनाही कायदा मागतो. ती सत्तर-ऐंशी किलोमीटरवरील पुण्यातून कशी व्हावी? शासनाने शिरूर व दौंड येथे प्रत्येकी एक पूर्णवेळ परिवीक्षा अधिकारी नेमावा. त्याने रांजणगाव-कुरकुंभच्या कारखानदारांकडे मुलासाठी काम मागावे. कारखानदार कां कूं करतील, हे आम्ही जाणतो. मात्र त्याआधी अधिकाऱ्याने मृताच्या घरी जावे आणि तेथील भीती ऐकून घ्यावी.