चपला आत घ्या

ऐंशीच्या दशकाचा आत्मा कोणत्या मराठी चित्रपटात सापडतो, असं विचारलं की जाणकारांचं उत्तर तयार असतं: 'उंबरठा'. त्याला जोडून 'सिंहासन'चंही नाव येतं. तो १९७९चा आहे, ही अडचण कुणी फारशी मनावर घेत नाही. आणि अशा बैठकीत एखाद्याने चुकून 'अशी ही बनवाबनवी' म्हटलं, तर सगळे त्याच्याकडे लग्नाच्या पंगतीत भजी मागणाऱ्या पोराकडे पाहावं तसे पाहतात.

मी ते पोर आहे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो. 'उंबरठा' १९८२चा. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, तेंडुलकरांची पटकथा, शांता निसळांच्या 'बेघर' कादंबरीचा आधार आणि स्मिता पाटील. सुखवस्तू घरातली सुलभा महिलाश्रमाची अधीक्षक होण्यासाठी घराबाहेर पडते आणि परत येते तेव्हा त्या घरात तिची जागा उरलेली नसते. मथुरा बलात्कार प्रकरणावरून नुकताच देश ढवळून निघाला होता, १९८३मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्या ढवळण्याचा चित्रपट म्हणून 'उंबरठा'कडे बोट दाखवणं रास्तच आहे. उलट बाजूला 'धूमधडाका', 'गंमत जंमत', 'बनवाबनवी', 'थरथराट'. हा सगळा विनोदी माल म्हणजे काळाकडे फिरवलेली पाठ, असा निकाल केव्हाच लागून गेला आहे.

मला हा निकाल मान्य नाही. काळाचा प्रश्न मांडणं वेगळं आणि काळ पडद्यावर उतरणं वेगळं, एवढाच माझा मुद्दा आहे. 'उंबरठा' प्रश्न मांडतो, म्हणून त्याला तो समजावूनही द्यावा लागतो. सुलभाला बाहेर का पडायचंय, सासूला ते का खुपतं, आश्रमात काय कुजलंय, हे एकेका प्रसंगातून प्रेक्षकाच्या गळी उतरवावं लागतं. कारण १९८२च्या प्रेक्षकाला ते पटलेलं नव्हतं. म्हणजे हा चित्रपट आपल्या काळाशी भांडतो. भांडणाऱ्याला मी मान देईन, पण ज्याच्याशी तो भांडतोय त्याचं चित्र म्हणून त्याला पुढे करणार नाही.

आता १९८८चा 'बनवाबनवी' बघा. पुण्यात चार धडधाकट पुरुषांना राहायला खोली मिळत नाही. का मिळत नाही, याचं स्पष्टीकरण कुठेही नाही. दिग्दर्शक सचिन पिळगांवकरांना ते द्यावंसं वाटलं नाही आणि थिएटरात बसलेल्या कुणालाही ते नसल्याचं जाणवलं नाही. भाडे नियंत्रणाचा कायदा १९४७चा. भाडी गोठलेली, भाडेकरू एकदा आत आला की निघणं कठीण, त्यामुळे मालक खोली रिकामी ठेवेल पण द्यायला धजायचा नाही. १९७६मध्ये त्यात जमीन कमाल धारणेच्या कायद्याची भर पडली आणि शहरातल्या मोकळ्या जमिनी कज्ज्यात अडकल्या. हे कायदे प्रेक्षकाने वाचलेले नव्हते, पण त्यांच्याखाली तो रोज राहत होता. म्हणून सुधीर जोशींचा विश्वास सरपोतदार नुसता दारात उभा राहिला तरी लोक हसायला लागत. तो मालक प्रत्येकाच्या ओळखीचा होता.

माझ्याही. १९८७मध्ये आम्ही तिघे पुण्यात एका वाड्यात माडीवरच्या खोलीत राहायचो. भाड्याचा बोल एकाच माणसाचा झाला होता. मालकीणबाई सकाळी तुळशीला पाणी घालून वर यायच्या, बोलायच्या काहीच नाहीत, दाराबाहेरचे चपलांचे जोड मोजून खाली जायच्या. मग आम्ही शहाणे झालो. जिन्याच्या पहिल्या पायरीवरच चपला हातात घ्यायच्या आणि आत कॉटखाली सारायच्या. पावसाळ्यात त्या वासाने झोप यायची नाही.

आता आक्षेप घेऊ. पहिला: ही कथाच उसनी आहे. खरं आहे. हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' १९६६चा, आणि त्याचंही मूळ बंगालीत. 'धूमधडाका'सुद्धा त्याच वर्षीच्या 'प्यार किए जा'वरून, आणि तो तमिळ चित्रपटावरून. पण या आक्षेपातच त्याचं उत्तर आहे. खोली मिळत नाही म्हणून पुरुषाने लुगडं नेसायचं, ही १९६६ची अडचण बावीस वर्षांनी एका शब्दाच्या खुलाशाशिवाय चालून जाते, याला दोष लेखकाचा की गृहनिर्माणाचा? शिवाय उसन्या कापडाला शिलाई घरची आहे. संवाद वसंत सबनीसांचे, म्हणजे 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणाऱ्या माणसाचे. पुरुषाच्या स्त्रीवेशाला इथे बालगंधर्वांपासूनची सवय आहे. चौघांतल्या परशाची पार्वती होते आणि पुढे तिचं रीतसर डोहाळजेवण होतं, तेव्हा तो प्रसंग बंगालचाही राहत नाही आणि मुंबईच्या हिंदी स्टुडिओचाही.

दुसरा आक्षेप स्त्रियांचा. या चित्रपटात बायका नुसत्या शोभेला आहेत, असं म्हणतात. बऱ्याच अंशी आहेतही. पण त्या चौघांतला धनंजय माने नोकरी कुठे करतो? सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात, आणि ते दुकान चालवते अश्विनी भावेंची माधुरी. तरुण बाई मालक आहे, पुरुष तिच्यासमोर अदबीने उभा आहे, आणि याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. 'उंबरठा'नंतर सहाच वर्षांनी. सुलभाचा प्रश्न सुटला, असं मी अजिबात म्हणत नाही. पण शहरी मध्यमवर्गाने काय गृहीत धरायला सुरुवात केली होती, ते या दुकानात दिसतं, आणि कुणी दाखवायला न जाता दिसतं. दुसरी मालकीण लीलाबाई काळभोर. तिची अट एकच, खोली जोडप्यालाच मिळेल. सगळा चित्रपट त्या अटीवर उभा आहे.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मी मान खाली घालतो. १८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि गिरणगाव उठलं ते उठलंच. दशकातली याहून मोठी घटना मला तरी सांगता येणार नाही, आणि आमच्या विनोदी चित्रपटांत तिचा मागमूस नाही. पण गंभीर चित्रपटांनी तरी तेव्हा काय केलं? जयंत पवारांच्या 'अधांतर'वरून 'लालबाग परळ' आला तो २०१०मध्ये. ही थकबाकी दोन्ही खात्यांवर सारखीच पडते. ती एकट्या लक्ष्मीकांत बेर्डेकडून वसूल करू नका.

राहता राहिला हसण्याचा मुद्दा. हसणं म्हणजे पळ काढणं, असं आपल्याकडे फार लवकर म्हटलं जातं. मधुमेहाच्या औषधाचे सत्तर रुपये बुडाले, हा त्या चित्रपटातला सर्वांना पाठ असलेला विनोद. तो विनोद होतो, कारण सत्तर रुपये ही तेव्हा दोघांनाही लागणारी रक्कम होती, मालकाला आणि भाडेकरूलाही. एक नाडलेला माणूस दुसऱ्या नाडलेल्या माणसाला फसवतो आहे. याला वास्तव म्हणायचं नसेल तर त्या शब्दाची व्याख्या तुम्ही करा, मी ऐकतो.

म्हणून, 'उंबरठा' मोठा चित्रपट आहे, कदाचित त्या दशकातला सर्वांत मोठा. पण त्या दशकाचा चित्रपट 'बनवाबनवी'च. आम्ही तिघांनी तो रात्रीच्या खेळाला पाहिला. हसून हसून पोटात दुखत होतं. साडेबाराला वाड्यात शिरलो आणि जिन्यापाशी थांबून चपला हातात घेतल्या.