अंगणातली कासवं आणि माझी जुनी बातमी

परवा एका स्नेह्यांकडे सत्यनारायणाच्या प्रसादाला गेलो होतो. मागच्या अंगणात विटांचा चौकोन, आत माती, पाण्याची थाळी, वर कोंबड्यांची जाळी. आणि तळहातावर मावतील अशी कासवाची तीन पिल्लं, पाठीवर पिवळे तारे. "दादा, फोटो काढा, पेपरला द्या. हे आल्यापासून दुकान बरं चाललंय."

मी फोटो काढला नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी अशाच एका अंगणाचा फोटो मी हौसेनं छापला होता. मथळाही माझाच, 'कासवांचं गोकुळ'. पुढे आठवडाभर लोक विचारत होते, अशी पिल्लं कुठं मिळतात हो? ते आजही टोचतं.

ही तारा कासवं पाळणं हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून ती पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाच्या पंगतीला. शिक्षा ३ ते ७ वर्षं. (पिंजऱ्यातला पोपटही बेकायदाच बरं का, पण ते पुन्हा कधीतरी.)

लोक म्हणतात, आम्ही जिवापाड सांभाळतो. सांभाळत असतीलही. पण पिल्लाचं कवच कोवळं असतं. जाळी जरा सरकली की कावळा, मांजर, घूस टपलेलेच. हा मुळात कोरड्या माळावरचा, गवत खाणारा जीव. आपल्याकडच्या पावसाळ्यात चार महिने ओलीत राहिला की आजारी पडतो. घरात घ्यावा तर ऊन नाही, आणि उन्हाशिवाय कवच नीट बनत नाही. वर आपण प्रेमानं टोमॅटो भरवणार! आणि आंध्र-कर्नाटकातल्या माळावरून पिशवीत कोंबून आणताना वाटेत किती मेली, हे विकणारा सांगत नाही.

आता खरा मुद्दा. कायद्याची भीती दाखवली की लोक काय करतात? रात्री गुपचूप नदीत सोडतात, वर पुण्य केल्याचं समाधान. अहो, हे जमिनीवरचं कासव आहे, याला पोहता येत नाही. ते बुडून मरतं.

म्हणून वनखात्याला माझं जाहीर सांगणं आहे, स्वतःहून कासव आणून देणाऱ्याला तस्कराच्या रांगेत उभं करू नका. चौकशी जरूर करा, कुणी विकलं तेही विचारा. पण पहिल्याच माणसाला दिवसभर बाकावर बसवून ठेवलंत, तर दुसरा येणार नाही. ज्यांच्याकडे अशी कासवं असतील त्यांनी १९२६ या हेल्पलाइनला फोन करावा. एकट्यानं जायची भीती वाटत असेल तर मला सांगा, मी सोबत येतो.

स्नेही आधी रागावले, मग गप्प झाले. उद्या सकाळी आम्ही दोघं वनखात्याच्या ऑफिसात जातोय. निघताना वहिनींनी विचारलं, "तोवर यांना खायला काय घालू?"

गवत घाला वहिनी. टोमॅटो नको.