जाहीर इशारा: करारावर सही करून पाठ फिरवणाऱ्यांना

लिव्ह अँड लायसन्सवर सही करायची, अंगठा द्यायचा आणि ताबा घ्यायच्या आदल्या दिवशी ‘दुसरीकडे स्वस्तात मिळालं, आमचं कॅन्सल समजा’ एवढा मेसेज टाकून फोन बंद ठेवायचा, हा प्रकार पुण्यातले आम्ही घरमालक यापुढे खपवून घेणार नाही.

तुमच्या सहीवर विसंबून आम्ही आलेली बाकीची माणसे परत पाठवतो. जून-जुलैचा हंगाम निघून गेला की तेच घर रिकामे पडते. बँकेचा हप्ता आणि सोसायटीचा मेंटेनन्स मात्र थांबत नाही. कुणा निवृत्त जोडप्याचा तर महिनाच त्या भाड्यावर चालतो.

राहायला आला नाहीत म्हणून करार आपोआप मोडत नाही. नोटिशीचे आणि लॉक-इनचे कलम तुम्ही वाचून मान्य केले आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ प्रमाणे करारभंगाने झालेले नुकसान मागण्याचा आम्हाला हक्क आहे आणि तो आम्ही बजावणार.

म्हणून शेवटची मुदत: माघार घेतलेल्यांनी सात दिवसांत मालकाला लेखी कळवावे, रद्दलेखावर सही करावी आणि करारातील अटींप्रमाणे हिशेब चुकता करावा. अन्यथा आठव्या दिवशी वकिलाची नोटीस निघेल. तिलाही उत्तर आले नाही, तर दावा दाखल होईल. न राहिलेल्या घराचा करार पत्त्याचा पुरावा म्हणून कुठे वापरलात, तर पोलिसांत तक्रार होईल.

घरमालकांनाही बजावतो. अख्खे डिपॉझिट गिळण्याचा परवाना कुणालाही मिळालेला नाही. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी कलम ७४ नुसार न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देते. नवा भाडेकरू लगेच शोधा, खर्चाच्या पावत्या जपा, खरे नुकसान वळते करून उरलेले पैसे परत द्या. आणि करार नोंदवल्याशिवाय चावी देऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ ने नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते.

अडचण कुणालाही येते. नोकरी जाते, बदली होते, घरात आजारपण निघते. अशा माणसाने वेळेवर सांगितले, तर आम्ही समजून घेऊ. न सांगता गायब होणाऱ्याची गाठ न्यायालयातच पडेल.